सरड्याचं घर, सोलापूरचा मे आणि गैरलागू प्रश्न

‘घरी बिअर्डेड ड्रॅगन आहे, त्याच्यासाठी पेटी बांधतोय, सेन्सर लावणार आहे. यावर संशोधन प्रकल्प होईल का?’ हा प्रश्न किंवा त्याचा चुलतभाऊ मला अधूनमधून येत असतो. विचारणारे बहुतेक एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला किंवा पेटच्या तयारीत असतात. नुसतं हो किंवा नाही म्हणून भागणार नाही, म्हणून आज एका पेपरची चिकित्सा करतो. पेपर जुना आहे, पण सरड्याची पेटी बांधायला निघालेल्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला वाटतं. आणि वाचताना त्याच्याशी भांडावंही.

पॉल हर्ट्झ, रेमंड ह्यूई आणि आर. डी. स्टीव्हन्सन यांचा हा पेपर १९९३ साली ‘द अमेरिकन नॅचरलिस्ट’मध्ये आला. विषय होता मोकळ्यावर वावरणारे सरडे आपलं तापमान कसं सांभाळतात हे मोजायचं कसं, आणि उपशीर्षक होतं ‘गैरलागू प्रश्नाचा तर्कदोष’. शास्त्रीय नियतकालिकात इतकं भांडकुदळ उपशीर्षक सहसा दिसत नाही. भांडण कशाशी होतं ते बघू.

त्याआधी बरीच वर्षं अशी रीत होती: सरडा पकडायचा, लगेच त्याच्या शरीराचं तापमान घ्यायचं, शेजारच्या हवेचं तापमान घ्यायचं, आणि दोन्ही आलेखावर मांडायची. रेषेचा चढ एकच्या जवळ आला तर हा प्राणी हवेबरोबर वाहत जाणारा, शून्याच्या जवळ आला तर हा तापमान राखणारा. सोपं, स्वस्त, छापायला सोयीचं. हर्ट्झ आणि मंडळींचं म्हणणं असं की इथे प्रश्नच चुकलाय. ‘शरीराचं तापमान हवेपेक्षा वेगळं आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर कितीही अचूक काढलं तरी ‘सरडा तापमान राखतो का?’ याचं उत्तर मिळत नाही. कारण सरड्याला नुसती हवा लागत नाही. ऊन लागतं, वारा लागतो, पोटाखालचा दगड लागतो. तापमानाची अजिबात पर्वा न करणारा सरडा तिथे असता तर त्याचं अंग किती तापलं असतं, हे आधी कळायला हवं.

ते कळण्यासाठी त्यांनी तीन गोष्टी मोजायला सांगितल्या. पहिली, प्रत्यक्ष सरड्याचं तापमान. दुसरी, उपलब्ध तापमान: सरड्याच्याच आकाराची आणि रंगाची पोकळ, सहसा तांब्याची, निर्जीव प्रतिकृती जागोजागी ठेवायची आणि तिच्या आतलं तापमान नोंदवायचं. तिसरी, पसंतीचा पट्टा: सरड्याला मोकळी निवड दिली तर तो कुठल्या तापमानांच्या दरम्यान राहतो. मग दोन अंतरं काढायची. सरडा पट्ट्यापासून सरासरी किती अंश दूर आहे, आणि प्रतिकृती सरासरी किती अंश दूर आहेत. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं आणि एकातून वजा करायचं. येणारा आकडा म्हणजे तापमान-नियमनाची परिणामकारकता; तिला ते ‘ई’ म्हणतात. एकच्या जवळ म्हणजे सरडा पक्का, शून्याच्या जवळ म्हणजे जिथे असेल तिथलं तापमान मुकाट्याने घेणारा. पोर्तो रिकोतल्या अ‍ॅनोलिस सरड्यांच्या तीन जातींवर त्यांनी ही रीत लावून दाखवली.

या पेपरची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सूत्रात नाही, शब्दांत आहे. काटेकोरपणा आणि अचूकपणा त्यांनी वेगळे काढले. सरड्याचं तापमान दिवसभर फारसं हललं नाही, तर तो काटेकोर. ते त्याला हव्या त्या पट्ट्यात राहिलं, तर तो अचूक. आपल्या बोलण्यात दोन्ही एकच असतात, आणि तिथेच घोटाळा होतो. काचेच्या बंद टाकीत हवा, फरशी, भिंत सगळंच ३८ अंशांवर असेल तर आतला सरडाही ३८ वरच राहील, जराही हलणार नाही. जुन्या आलेखावर तो तापमान राखण्यात पहिला नंबर घेईल. खरं तर तो शिजतोय.

आता सोलापूरला येऊ. हा मुद्दा इथे जितका उघडा पडतो तितका थंड देशात पडत नाही.

बिअर्डेड ड्रॅगन मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. (ऑस्ट्रेलिया आपले सरपटणारे प्राणी व्यापारासाठी जिवंत बाहेर पाठवू देत नाही, बाजारात दिसतात ते पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले.) त्याच्या पेटीचे सल्ले इंटरनेटवर ढिगाने मिळतात आणि सगळ्यांचा साचा एक: चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, एका टोकाला दिवा, त्याखाली शेकायची जागा ४० अंशांच्या आसपास, दुसरं टोक थंड, पंचवीसेक अंश, मध्ये उतार. दिव्याला थर्मोस्टॅट. हा साचा चुकीचा नाही, पण त्याच्या पोटात एक न लिहिलेलं गृहीतक आहे: खोली वीस-बावीस अंशांची आहे. थंड टोकासाठी काही करावंच लागत नाही, ते आपोआप थंड असतं.

जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावरची खोली, स्लॅब दिवसभर तापलेला, मे महिन्याची दुपार, बाहेर पारा चाळिशीच्या वर. तिथे ‘थंड टोक पंचवीस अंश’ कुठून आणणार? थर्मोस्टॅट फक्त उष्णता देऊ शकतो, काढून घेऊ शकत नाही. तो दिवा बंद करतो आणि गप्प बसतो. पेटी तापतच राहते. एकाच बाजूने ढकलू शकणाऱ्या यंत्रणेला आपण ‘नियंत्रण’ म्हणतो, हे मला खटकतं. पिंजरा-पत्रकांवरची माझी मुख्य टीका हीच आहे: ती उष्णतेला दुर्मिळ वस्तू मानतात. इथे वर्षातले काही महिने दुर्मिळ असतो तो गारवा.

सूत्रात आकडे घालून बघू. हे आकडे मोजलेले नाहीत, समजावण्यासाठी घेतलेत. पसंतीचा पट्टा ३३ ते ३६ धरू. डिसेंबरात पेटीतल्या चार जागी ठेवलेल्या प्रतिकृती २२, २७, ३४ आणि ४२ दाखवतात. पट्ट्यापासूनची अंतरं ११, ६, ० आणि ६; सरासरी ५.७५. सरड्याच्या अंगाच्या चार नोंदी ३३, ३४, ३५, ३७. अंतरांची सरासरी ०.२५. ई आला जवळजवळ ०.९६. वा, हुशार सरडा!

मे महिन्यात त्याच चार जागा ३७, ३८, ४०, ४४. अंतरं १, २, ४, ८, सरासरी ३.७५. सरडा ३७, ३७, ३८, ३७, सरासरी १.२५. ई आला ०.६७. म्हणजे सरडा उन्हाळ्यात आळशी झाला का? त्या पेटीतली सगळ्यात गार जागाच ३७ ची आहे. सरडा चारही वेळा तिथेच चिकटून बसला असता तरी अंतर १ च्या खाली गेलं नसतं आणि ई ०.७३ च्या वर गेला नसता. ०.७३ पैकी ०.६७ त्याने मिळवले. कमी पडली ती पेटी, आणि गुण कापले गेले सरड्याचे.

इथे मी पेपरच्या लेखकांशी भांडतो, थोडं जपून. मोकळ्या माळावर उपलब्ध तापमानं निसर्ग ठरवतो; प्रतिकृती सगळीकडे विखरून ठेवल्या की त्या निसर्गाचंच चित्र देतात. घरच्या पेटीत उपलब्ध तापमानं तुम्ही ठरवता. एवढंच नाही, प्रतिकृती कुठे ठेवायच्या हेही तुम्हीच ठरवता. चारपैकी तीन दिव्याखाली ठेवल्या की छेदातलं अंतर वाढतं, आणि सरड्याने काहीही न करता ई वाढतो. मग तुमच्या प्रबंधात ‘सरडा अत्यंत परिणामकारकपणे तापमान राखतो’ असं वाक्य येतं, आणि ते वाक्य तुमच्या सुताराबद्दल असतं. माळासाठी घडवलेला निर्देशांक पेटीत आणून वापरला तर तो नवा गैरलागू प्रश्न होतो. लेखकांनी असं करा असं म्हटलेलं नाही. शीर्षकातच ‘क्षेत्रात सक्रिय’ असं लिहिलंय. पण सूत्रं शीर्षक मागे ठेवून प्रवास करतात.

भागाकारावरची टीका तर छापूनच आली आहे. गॅब्रिएल ब्लूएँ-डेमर्स आणि पॅट्रिक वेदरहेड यांनी २००१ साली ‘इकॉलॉजी’मध्ये काळ्या रॅट स्नेकवरच्या पेपरात म्हटलं की भागण्याऐवजी नुसती वजाबाकी करा. भागाकारात फार वेगवेगळ्या परिस्थितींना एकच ई मिळू शकतो, आणि परिसर आधीच सुखाचा असेल तर छेद शून्याकडे जातो, आकडा वेडावाकडा होतो. आपल्या उदाहरणात वजाबाकी केली तर डिसेंबरला ५.५, मेला २.५ मिळतात. हे ‘सरड्याने परिसरापेक्षा किती अंश कमावले’ असं सरळ वाचता येतं. मला ही वजाबाकी पटते, पण मेचा अन्याय तिनेही सुटत नाही. गार जागाच नसेल तर कमवायचं काय?

पेपरचा सगळ्यात नाजूक सांधा मात्र मला पसंतीच्या पट्ट्यात दिसतो. उपलब्ध तापमानं बाहेर मोजली, शरीराचं तापमान बाहेर मोजलं, पण पट्टा प्रयोगशाळेत मोजतात: एक लांब पेटी, एक टोक गरम, एक गार, मध्ये सरडा. त्याने निवडलेल्या तापमानांपैकी बहुधा मधली निम्मी घेतात आणि तो पट्टा ठरतो. म्हणजे पूर्ण इमारत एका पेटीवर उभी आहे. त्या पेटीत शिकारी नाही, भूक नाही, गार टोकाकडून गरम टोकाकडे जायला चार पावलं पुरतात, किंमत जवळजवळ शून्य. ती पेटी कशी बांधली यावर पट्टा बदलत असेल तर? बिअर्डेड ड्रॅगनवरच व्हिवियाना काडेना आणि ग्लेन टॅटरसॉल यांनी २००९ साली याच दिशेने काम केलं. मोजण्याच्या पद्धतीचा दिसणाऱ्या वागण्यावर काय परिणाम होतो हा प्रश्न त्यांच्या शीर्षकातच आहे. तुमच्याकडे हाच प्राणी असेल तर हर्ट्झनंतर दुसरा पेपर हा वाचा.

तेव्हा घरची पेटी किरकोळ नाही. ती म्हणजे पसंतीचा पट्टा मोजायचं उपकरण, आणि उपकरण म्हणूनच तिची परीक्षा घ्यायला हवी. तिच्यात गरम टोक पसंतीच्या वर आणि गार टोक पसंतीच्या खाली, दोन्ही असायलाच हवीत. वर्षाच्या प्रत्येक महिन्यात आणि दुपारी तीन वाजताही. एक बाजू नसेल तर सरडा काय निवडतो हे कळत नाही, फक्त तुम्ही त्याला काय उरवलंत ते कळतं. माझ्या दृष्टीने पेटीची ही एकच कसोटी प्राण्याच्या भल्याची आणि विज्ञानाची एकाच वेळी आहे. गार टोक नसलेल्या पेटीत विदा तर खोटा येतोच, पण सरडा तोंड वासून बसतो. तोंड वासणं ही या प्राण्याची जादा उष्णता टाकायची रीत आहे. फोटोत ते हसल्यासारखं दिसतं आणि खाली लाइक पडतात.

बांधणीबद्दल, जिथे सोलापूरचा फरक पडतो तेवढंच. चार बाय दोन बाय दोनच्या पेटीला तळ, छत आणि पाठ मिळून २४ चौरस फूट, दोन बाजू मिळून ८. म्हणजे आठ बाय चारची प्लायवूडची एक शीट, बरोबर ३२. करवतीची फट आणि प्लायची जाडी धरली तर पेटी आतून थोडी लहान होते, बिघडत नाही. पुढे सरकती काच. पूर्ण काचेची टाकी इथे नको: लाकूड उष्णता हळू आत घेतं, काच लगेच घेते, आणि खिडकीतलं ऊन थेट काचेवर आलं तर आतला प्राणी थोड्या वेळात मरू शकतो. हवेसाठी झरोके दोन हवेत, गार बाजूला खाली आणि गरम बाजूला वर, म्हणजे तापलेली हवा आपणहून निघून जाते. पॉलिश केलं असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत प्राणी आत सोडू नका.

गार टोकाला शहाबादी फरशीचा तुकडा. आपल्याकडे जुन्या घरांतून ती पायाखाली होतीच, आणि दुपारी उघड्या फरशीवर आडवं होण्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे: जाड दगड हळू तापतो आणि अंगातली उष्णता ओढून घेतो. पण तो रात्री गार झाला तरच दिवसा कामाचा. पेटी पहाटे उघडी ठेवून वारा खेळवणं हा डिझाइनचा भाग माना, टापटिपीचा नव्हे. दुसरा उपाय माठाच्या तत्त्वाचा, न भाजलेल्या रंगाची सच्छिद्र मातीची कुंडी पाणी भरून गार टोकाला. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं म्हणून हे चालतं. पाऊस सुरू झाला की हवेत आधीच ओल असते, कुंडी गार करणं सोडून नुसती दमट करते. तेव्हा ती काढून टाका. हेही जमलं नाही तर मेमध्ये पेटी खालच्या मजल्यावर किंवा कूलरच्या खोलीत हलवावी लागते. ‘पेटीची जागा’ हा चल आहे आणि तो वहीत लिहायचा असतो.

थर्मामीटरचं थोडक्यात. भिंतीला चिकटवायच्या घड्याळी तबकड्या भिंतीचं तापमान सांगतात, आणि ते सरड्याला नको असतं. डीएस१८बी२० हा सेन्सर स्वस्त आहे आणि पाण्यातही चालतो. पडद्यावर तो दशांशानंतर चार आकडे दाखवतो, पण कंपनीचा दावा अर्ध्या अंशाच्या अचूकपणाचा आहे. हर्ट्झचा तोच धडा इथेही: काटेकोर आकडा म्हणजे अचूक आकडा नव्हे. चारही सेन्सर एकदा एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून किती फरक दाखवतात ते टिपा. मग प्रत्येक सेन्सर सरड्याच्या आकाराच्या तांब्याच्या नळीत घाला, नळीला त्याच्यासारखा मातकट रंग द्या. झाली प्रतिकृती.

अतिनील किरणांवर मी वेगळं लिहीन, पण एक प्रयोग इथे सांगायलाच हवा, कारण प्रयोगाची आखणी कशी असते ते त्यात स्वच्छ दिसतं. ऊनिन्क्स आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अंड्यातून नुकत्याच आलेल्या ८४ बिअर्डेड ड्रॅगनचे गट केले. काहींना अतिनील-ब दिवा, काहींना त्याऐवजी तोंडाने ड जीवनसत्त्व, वेगवेगळ्या मात्रांत. दिव्याखालच्या पिल्लांच्या रक्तात ड जीवनसत्त्वाचं साठ्याचं रूप तोंडाने सर्वाधिक मात्रा घेतलेल्यांच्या सुमारे १८ पट निघालं. म्हणजे पावडर दिव्याची जागा घेत नाही. आणि खिडकीची काच अतिनील-ब जवळजवळ सगळंच अडवते, म्हणून ‘आमच्या हॉलमध्ये भरपूर ऊन येतं’ याला अर्थ नाही. सोलापूरचा सूर्य मेच्या दुसऱ्या आठवड्यात बरोबर डोक्यावर असतो, पण काचेमागे त्याचा फक्त ताप पोहोचतो.

त्या ८४ कडे आता तुमच्या एकाला शेजारी ठेवून बघा. एका सरड्याच्या चारशे नोंदी म्हणजे चारशे सरडे नव्हेत. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली याला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ हे नाव दिलं, आणि तुमच्या मौखिकीत कुणीतरी ते हमखास काढणार. एका प्राण्यावरून जातीबद्दल बोलता येत नाही. पेटीबद्दल मात्र बोलता येतं: या बांधणीत, या शहरात, बारा महिन्यांत पसंतीच्या पट्ट्यात येणारी जागा किती टक्के उरते? या प्रश्नाला सरडाही लागत नाही, प्रतिकृती पुरतात. पिंजरा-पत्रकांच्या गृहीतकाची ती सरळ परीक्षा होईल, आणि तुम्ही ‘माझा सरडा हुशार आहे का’ यापेक्षा हा प्रश्न घ्यावा असं माझं मत आहे.

सरडाच हवा असेल तर तो घरात आणायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या पठारांवरच्या पंखगळी सरड्यांच्या एका गटाला २०१६ साली स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला आणि तिचं नाव ठेवलं ‘सरडा’, आपला मराठी शब्दच. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी याच सरड्यांवर पवनचक्क्यांचा परिणाम अभ्यासला. पवनचक्क्या असलेली आणि नसलेली जागा अशी तुलना केली, आणि काम २०१८ साली ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये आलं. तिथे पेटी पठाराची होती आणि नियंत्रण गट शेजारच्या माळाचा. हर्ट्झची रीत तिथे खऱ्या अर्थाने लागू पडेल.

कायद्याचं टाळू नका. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती घरात ठेवणं गुन्हा. माळावरचा किंवा कुंपणावरचा देशी सरडा उचलून पेटीत घालायचा विचारही करू नका. विदेशी प्राण्यांत, २०२२ च्या दुरुस्तीनंतर, ज्या जाती आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराच्या यादीत आहेत त्यांची नोंदणी करावी लागते. हिरवा इग्वाना त्यात येतो. ती परिवेश पोर्टलवर होते. तुमची जात यादीत आहे का ते विकत घेण्याआधी तपासा, विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. आणि घरच्या प्राण्याच्या नोंदी प्रबंधात किंवा पेपरात वापरायच्या असतील तर संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे अर्ज पहिल्या नोंदीच्या आधी जातो, नंतर नाही. नुसत्या तांब्याच्या नळ्यांसाठी तो लागत नाही.